लिंबू

ईरीत मार्च संपतानाही बर्फ असतो,
रस्त्याच्या कडेला, मळका,
जखमेवरून काढलेल्या कापसासारखा.
त्यातून वाट काढत मी स्टॅन व्होयचिकच्या दारी पोचले,
बँकेचा चेक, टॉर्च
आणि कोटाच्या खिशात एक लिंबू घेऊन.

गाडी अंगणात उभी. राखाडी. बेताची,
पण जरा उंच जोत्यावर बांधल्यासारखी.
अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर.
नऊ वर्षांची. अठ्ठ्याण्णव हजार मैल.
"बायकोची आहे," तो म्हणाला.
आहे म्हणाला, होती नाही.

मी वाकले. गुडघा ओला झाला.
या गावात सहा महिने रस्त्यांवर मीठ टाकतात,
लोणच्याला घालावं तसं, हात सैल सोडून,
आणि गाड्या खालून मुरत जातात.
टॉर्चच्या उजेडात गंज दिसला.
नखाने पापुद्रा काढला. आत लोखंड शाबूत होतं.

सांगलीहून श्रीरंग सकाळपासून फोनवर:
बॅटरीचं विचार. ती गेली की गाडीच्या निम्मे पैसे गेले.
आणि ताई, पहिला आकडा आपण बोलायचा नाही.
सव्वीस वर्षं मी लोकांना
त्यांचेच गुडघे पुन्हा वापरायला शिकवते आहे,
जुनं किती चालेल ते माझ्या हाताला कळतं.
आकडा मात्र मीच आधी बोलले.
दहा हजार.
स्टॅनने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.
अकरा-चारशे.
मी गप्प. तो गप्प. पन्हळीतून पाणी ठिबकत होतं.
दहा-नऊशे, आणि बर्फाचे टायर वर.

पोर्चवर डोलोरेस बसली होती, मांडीवर ब्लँकेट,
चेहरा आमच्याकडे, पण जरा चुकलेला,
टपालपेटीच्या दिशेने.
"नजरेच्या मधोमध डाग पडलाय," स्टॅन हळू म्हणाला,
"कडेचं दिसतं, समोरचं नाही."
ऑक्टोबरात तिनेच किल्ल्या त्याच्याकडे सरकवल्या,
जेवताना पाण्याचा तांब्या सरकवावा तशा.

"तिला विचारा. चालवायची तीच."
मी विचारलं, काही खोड?
"थंडीत पहिला मैलभर कुरकुरते. मग ऐकते.
आणि ब्रेक सावकाश दाबा,
म्हणजे उतारावरचं सगळं परत साठवते ती.
चर्चच्या उतारावर मी दर रविवारी दोन रेघा कमवायची."
दोन रेघा.
डाळीच्या डब्यात लपवलेल्या नोटांबद्दल बोलावं तसं बोलली.

सह्या बॉनेटवरच झाल्या.
मग मी लिंबू काढलं, पुढच्या चाकाखाली ठेवलं.
स्टॅन बघत राहिला.
या देशात फसव्या गाडीला लिंबू म्हणतात, ठाऊक होतं मला.
आमच्यात ते आधीच चिरडून टाकतात, म्हटलं,
म्हणजे पुढे प्रश्न उरत नाही.

बटण दाबलं. काहीच झालं नाही.
म्हणजे गाडी सुरू झाली होती.
सरकली, इंजिनाशिवाय,
नुसती ती बारीक गुणगुण,
चालणाऱ्यांना कळावं म्हणून कारखान्यात बसवलेली,
कुणी शब्द विसरून नुसती चाल धरावी तशी.
लिंबू फुटलं.

डोलोरेसने मान वळवली. या वेळी बरोबर.
गुणगुण जाईल तसा तिचा चेहरा सरकत गेला.
मग तिने नाक वर केलं.
"स्टॅन!" ती ओरडली, "तू हिला लिंबू विकलंस?"
आणि हसली, इतकी की ब्लँकेट पायऱ्यांवर पडलं.

रस्त्याला लागण्याआधी मी थांबले,
सावकाश, तिने सांगितलं तशी.

घरी येऊन फोन जोडायला गेले तर पडदा विचारतो:
डोलोरेसचा फोन सापडत नाही. यादीतून काढू?
नंतर, असं दाबलं.

सीट मात्र मी तिथेच, त्यांच्या दारात,
मागे घेतली होती.
चार बोटं.